शुक्रवार-शनिवारचं पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. शालिनीला नाही, मुलांना नाही, वसंताला तर नाहीच. शालिनी जाऊन आता चार वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात ती एकदा म्हणाली होती, "तुमच्या मनात काहीतरी आहे. मी विचारणार नाही." तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. किंवा ओळखत असाल तर एक चांगला मास्तर म्हणून ओळखत असाल. ती ओळख मला मोडायची आहे.

कुठून सुरू करू? पाण्यापासूनच करतो.

तेव्हा कोल्हापूरच्या बाहेरच्या अंगाला नव्या कॉलन्या उठत होत्या. आमची सोसायटी त्यातलीच एक. मास्तर, पोस्टातले, बँकेतले, एक वकील, उद्यमनगरात कारखाना असलेले दोघं-तिघं. आजूबाजूला सगळा ऊस. शहराचं पाणी आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं, म्हणून सोसायटीनं स्वतःची विहीर पाडली, मोटर बसवली आणि सिमेंटची उंच टाकी बांधली. रोज सकाळी दोन तास सगळ्यांच्या नळाला पाणी यायचं.

विहिरीचं पाणी प्यायचं तर टाकीत ब्लीचिंग पावडर पडायला हवी. किती पडायला हवी, हे कुणाला तरी कळायला हवं. मी हायस्कुलात सायन्स शिकवत होतो. सभेत सेक्रेटरींनी माझं नाव घेतलं, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पाण्याची वही माझ्याकडं आली. मला फार बरं वाटलं होतं. वर्गातली पोरं ऐकतातच, पण इथं वकील, कारखानदार माझ्या शब्दावर पाणी पिणार होते.

पावडर प्रत्यक्ष टाकायचे तुकामामा. मुरगूडकडचे. पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा माणूस. विहिरीशेजारच्या मोटरीच्या खोलीत ते आणि सोनामामी राहायचे. मोटर चालू-बंद करणं, बाग बघणं, राखण करणं, सगळं तेच. लिहिता-वाचता येत नव्हतं. मी त्यांना एकदाच दाखवलं होतं. बादलीत पावडर कालवायची, चुना तळाला बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओतायचं. एकदा दाखवलेलं त्यांनी कधी चुकवलं नाही. पावसात डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन, एका हातात बादली धरून ते टाकीच्या लोखंडी शिडीनं चढायचे. रविवारी मी वही घेऊन जायचो.

"सगळे दिवस, मामा?"

"व्हय मास्तर. सगळं दीस."

मी सात खुणा करायचो, खाली सही. ही वही लक्षात ठेवा. मी तर विसरू शकलेलोच नाही.

आता वसंताचं सांगतो. वसंता माझा शाळेपासूनचा मित्र, आमच्याच ओळीत चार घरं सोडून राहायचा. ओतकामाचा कारखाना होता त्याचा. त्यासाठी तो दीड वर्ष जर्मनीत शिकून आला होता, आणि येताना ओतकामाइतकीच आणखी एक विद्या घेऊन आला होता. तिथं तो ज्या म्हातारीकडं राहायचा तिचा नवरा घरी बिअर करायचा. वसंता ती बघून-बघून शिकला. दारूबंदी तोवर सैल झाली होती, परवान्यावर मिळायची, पण घरी काढायला परवानगी नव्हतीच. वसंताला त्याची फिकीर नव्हती. मला होती. मास्तर माणूस, शाळेच्या संस्थेला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी.

तरी मी गेलो. का गेलो? नव्याची ओढ म्हणा, वसंता म्हणा. रविवारी दुपारी त्याच्या मागच्या पडवीत आम्ही दोघंच. सातू, म्हणजे जव, भिजवून फडक्यात बांधून मोड आणायचे, अगदी मटकीला आणतो तसे. मग ते सुकवायचे, कढईत मंद भाजायचे, भरडायचे, गरम पाण्यात मुरवायचे, गाळायचे. त्या गाळलेल्या पाण्यात जर्मनीहून कुणाकुणाच्या हाती मागवलेली कसली तरी वाळकी कडू फुलं टाकून उकळायचं. निवलं की बेकरीतून आणलेलं यीस्ट घालायचं. पडवीभर वास सुटायचा, ओल्या गवताचा आणि भाजलेल्या धान्याचा. वसंताची बायको नाकाला पदर लावून जायची, पण हसायची.

पहिली खेप आम्ही ग्लासात ओतली आणि दोघांनीही तोंड वाकडं केलं. दवाखान्याचा वास. जखमेवर लावायच्या औषधाचा. वसंता म्हणाला, "तिकडं असं नव्हतं रे. माझं काय चुकलं?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. मला वास घेताच कळलं होतं, पावडर. पाण्यात उरलेला क्लोरीन धान्याच्या सालीतल्या कशाशी तरी जुळतो आणि हा वास धरतो. अगदी थोडा उरला तरी पुरतो. मी शाळेतून पोटॅशियम आयोडाइडची छोटी बाटली आणली, भाताची निवळ पेज घेतली, नळाच्या पाण्यात दोन्ही थेंब-थेंब टाकले. पाणी निळं झालं. वसंता बघतच राहिला. "लेका, तू तर जादूगार हायस," म्हणाला. मला ते आवडलं. हे सांगायला हवं, मला ते फार आवडलं.

मग मी पाणी सुधारायला घेतलं. आदल्या दिवशी दोन मोठी पातेली भरून घ्यायचो. चांगलं अर्धा-पाऊण तास खळखळ उकळायचं, म्हणजे क्लोरीन उडून जातो. शिवाय आमचं पाणी जड, उकळलं की भांड्याच्या बुडाला पांढरा थर बसायचा. मग ते उघडं ठेवून निववायचं, वरचं पाणी अलगद काढायचं, फडक्यात धुतलेला कोळसा घालून त्यातून गाळायचं. पुन्हा थेंब टाकून बघायचं. निळं झालं नाही की पाणी तयार. दुसरी खेप अशा पाण्यात केली. काय सांगू? स्वच्छ, किंचित कडवट, गारेगार. वसंतानं पहिला घोट घेऊन डोळे मिटले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ही बिअर माझी न्हाय, तुझ्या पाण्याची हाय."

इथवर सगळं ठीक होतं. कायद्यानं चुकीचं असेल, पण कुणाचं काही बिघडत नव्हतं. इथंच थांबलो असतो तर हे लिहायला बसलो नसतो.

पण पाणी उकळणं म्हणजे खटाटोप होता हो. दोन पातेली, वातीचा स्टोव्ह, रॉकेल रेशनवर. शालिनी दोनदा म्हणाली, "पोरांच्या अंघोळीला रॉकेल पुरत नाही आणि तुम्ही पाणी कसलं उकळताय?" शाळेतल्या प्रयोगासाठी, असं मी सांगितलं. तिला ते पटलं नव्हतं. त्यात पावसाळा आला. गार हवेत बिअर चांगली होते, वसंताचे उद्यमनगरातले मित्र बाटल्या मागू लागले, आणि पंधरा दिवसांनी होणारी खेप दर रविवारी व्हायला लागली. दर शनिवारी मी पातेल्यापुढं बसलेला.

एका शनिवारी स्टोव्हची वात काजळत होती, मी वैतागलो होतो, आणि तेव्हा ते डोक्यात आलं. इतकं सोपं की मी हसलो. जी पावडर मी एवढ्या कष्टानं पाण्यातून काढतोय, ती घालायला सांगणारा मीच की.

पुढच्या आठवड्यात मी विहिरीवर गेलो आणि तुकामामांना म्हणालो, "मामा, शनिवारी पावडर टाकू नका. रविवारी पाणी सुटून गेलं की मग टाका."

"का वो मास्तर?"

"पाणी तपासायचंय. पावडर जास्त होतीय असं वाटतंय मला."

"बरं. तुमी म्हणाल तसं."

त्या रविवारी मी नळाच्या पाण्यात थेंब टाकले. फिकट निळं झालं. टाकीत शुक्रवारचं उरलं होतं. म्हणून मी पुन्हा गेलो आणि म्हणालो, शुक्रवारीही नको. त्यावेळी मामांनी काही विचारलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली. मी सायन्सचा मास्तर, मी सांगतोय म्हणजे त्याला कारण असणार.

त्या पुढच्या रविवारी पाणी निळं झालं नाही. जसं होतं तसं राहिलं, नितळ. मी ते भांडं उजेडाला धरून बघितलं आणि मला आनंद झाला. पावसाळ्याच्या दिवसांत, चाळीस घरं ज्या टाकीचं पाणी पितात त्या टाकीत औषधाचा कणही उरलेला नाही, याची खात्री पटून मला आनंद झाला होता. मला कळत नव्हतं का? सगळं कळत होतं. आठवीच्या वर्गाला मीच शिकवायचो, पावसाळ्यात पाणी का उकळावं, पावडर का टाकावी. पण विहीर खोल आहे, बांधीव आहे, दोन दिवसांनी काय होतंय... असं मी मनाला सांगितलं. इतकंही नाही, खरं तर मनानं विचारलंच नाही.

वसंताला मी हे कळू दिलं नाही. त्याला वाटायचं मी घरी पाणी उकळून, गाळून, सुधारून आणतोय. मी नळाचं पाणी सरळ हंड्यात भरून न्यायचो आणि तो म्हणायचा, तुझ्या हाताला पाणी कळतं. मी ते ऐकून घ्यायचो. असे आठ-नऊ आठवडे गेले. रविवारी वही घेऊन बसलो की मी सात खुणा करायचो. शुक्रवारच्या आणि शनिवारच्या सुद्धा. वहीत रिकाम्या जागा दिसल्या असत्या तर सेक्रेटरींनी विचारलं असतं ना?

श्रावणात पहिली दोन मुलं पिवळी पडली. बँकेतल्या एकाची. कावीळ. मग वकिलांची आई. मग एकेका ओळीत एक-एक घर. पहिल्या मुलाचं कळलं त्याच संध्याकाळी मी विहिरीवर गेलो. "मामा, उद्यापासून रोज दुप्पट टाका."

"आन् शुक्रवार-शनवार?"

"रोज."

त्यांनी माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. मग म्हणाले, "बरं."

वसंताला मी सांगितलं की आता पाणी भरवशाचं नाही, बिअर बंद. त्याला ते लगेच पटलं. त्यानं भरलेल्या बाटल्यासुद्धा परसात ओतून टाकल्या. माझ्यावर विश्वास होता त्याचा.

नलूचं आता सांगायला हवं. इतका वेळ मी तिथवर यायचं टाळतोय.

नलू माझी विद्यार्थिनी. आमच्या समोरच्या घरातली, वडील पोस्टात होते. अकरावी मॅट्रिकला तिला सायन्समध्ये चांगले मार्क पडले होते आणि तिच्या वडिलांनी मला पेढे आणून दिले होते. लग्न होऊन हातकणंगल्याला गेली होती. पहिल्या बाळंतपणासाठी त्या पावसाळ्यात माहेरी आली, सातव्या महिन्यात. फाटकात उभी राहून आमच्या धाकट्याला हाक मारायची. तिच्या आईनं तिला काय-काय खाऊ घालायचं याची यादी केली होती. पाणी मात्र नळाचंच. त्यात विचार कसला करायचा? पाण्याचं बघायला समोरच सर राहत होते.

तिला कावीळ झाली तेव्हा आधी कुणी फारसं घाबरलं नाही, कारण तोवर बरे होणारे बरे होत होते. मग डॉक्टर म्हणाले, गरोदरपणात ही वाईट. मी तिला बघायला गेलो. शालिनी बरोबर होती. नलू भिंतीला टेकून बसली होती, डोळे हळदीसारखे. मला बघून तिनं पदर सारखा केला. म्हणाली, "सर, बाळाला नाही ना काही होणार?"

मी म्हणालो, "नाही गं. काही होत नाही."

त्यानंतर पाचव्या दिवशी मोठ्या दवाखान्यात ती वारली. ती आणि बाळ, दोघंही. मुलगी होती म्हणे. तिची सासरची माणसं आली तेव्हा तिचे वडील दारातल्या पायरीवर बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला "या, बसा" म्हणत होते. शालिनी चार दिवस त्यांच्याकडं स्वयंपाक करून देत होती. मी शाळेत जात होतो. वर्गात शिकवत होतो. कसा शिकवत होतो, ते मला आज आठवत नाही.

मग पाणी तपासलं गेलं. विहिरीपासून थोड्या अंतरावर एका नव्या घराच्या संडासाचा शोषखड्डा होता, त्याची घाण पावसात झिरपून विहिरीत उतरत होती. तपासायला आलेले डॉक्टर सेक्रेटरींना म्हणाले, "रोज नेमानं पावडर पडली असती तर एवढं पसरलं नसतं." सेक्रेटरी म्हणाले, "पडत होती साहेब, वही आहे." त्यांनी माझ्याकडून वही नेली. आणि रविवारी संध्याकाळी टाकीखालच्या मोकळ्या जागेत सभा बोलावली.

सगळे आले होते. सतरंज्या घातल्या होत्या. नलूचे वडील कडेला खुर्चीवर बसले होते, दाढी वाढलेली. तुकामामांना मध्ये उभं केलं होतं, हातांची घडी घातलेली. सेक्रेटरींनी विचारलं, "तुकाराम, पावडर रोज टाकत होतास का?"

एवढं "होय" म्हटलं असतं तर सुटले असते ते. वहीत सगळ्या खुणा होत्या. घाण शोषखड्ड्याची होती. होय म्हणायचं आणि खाली बसायचं. पण त्या माणसाला खोटं बोलायचं सुचलंच नाही.

"न्हाय साहेब. शुक्रवारी आन् शनवारी टाकत नव्हतो. दोन-अडीच म्हैनं."

माणसं एकदम उठून बोलायला लागली. सेक्रेटरींनी हात वर करून गप्प केलं. "का टाकत नव्हतास?"

"मास्तर म्हणालं टाकू नगासा म्हणून."

सगळे माझ्याकडं वळले. मी तिसऱ्या ओळीत होतो. उठून उभा राहिलो. तुम्हाला वाटेल माणूस अशा वेळी विचार करतो. नाही करत. नोकरी, वसंताची पडवी, बाटल्या, पोलीस... हे सगळं मी नंतर मोजलं. त्या क्षणी एकच होतं. नलूचे वडील माझ्याकडं बघत होते, आणि त्यांच्या नजरेत माझ्याविषयी अजून काही संशय नव्हता. ती नजर बदललेली मला बघायची नव्हती.

मी म्हणालो, "मी असं कधीच सांगितलं नाही. वहीत बघा. मामांचा काहीतरी गोंधळ होतोय."

गोंधळ. किती सभ्य शब्द निवडला मी. खोटारडा म्हणालो नाही. आळशी म्हणालो नाही. लोकांनीच काय ते म्हणायचं ते म्हणून घेतलं.

तुकामामा माझ्याकडं बघत होते. "मास्तर, तुमीच सांगितलंतं की," म्हणाले. आवाज चढवला नाही. मी खाली बसलो. कुणीतरी ओरडलं, पावडर चुकवायची आणि मास्तरांवर ढकलायचं होय रे. सोनामामी मोटरीच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या. मग नलूचे वडील उठले. ते मामांजवळ गेले. मला वाटलं मारतात. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "एवढं एकच काम होतं हो तुमच्याकडं."

तिसऱ्या ओळीत बसून मी ते ऐकलं. ते वाक्य माझ्या वाट्याचं होतं. एका परक्या माणसानं ते माझ्यासाठी झेललं आणि मी झेलू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना जायला सांगितलं होतं. जाण्याआधी मामा आमच्या दारात आले. शालिनीनं खिडकीतून बघून मला सांगितलं, "तुकामामा आलेत." मी म्हणालो, "सांग, मी शाळेत गेलोय." माझी चप्पल दारातच होती. शालिनीनं चपलेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि जाऊन तसं सांगितलं. ती तेव्हापासूनच ओळखून होती बहुतेक. मामा थोडा वेळ उभे राहिले असावेत. मग फाटक वाजलं.

लोक माझ्याशी आणखीनच चांगले वागायला लागले. नाहक माझ्यावर आळ आला होता ना. सेक्रेटरींनी घरी येऊन दिलगिरी व्यक्त केली. नलूच्या वडिलांनी पुढं त्यांच्या मुलाच्या मुलांना माझ्याकडंच शिकवणीला पाठवलं. पाण्याचं काम माझ्याकडंच राहिलं, शहराचा नळ येईपर्यंत. वसंता आणि मी पुन्हा कधी त्या पडवीत बसलो नाही. तो अधूनमधून म्हणायचा, "तुकाराम असं करंल वाटलं नव्हतं रे." मी हूं म्हणायचो.

सहा-सात वर्षांनी मला परीक्षेच्या कामाला मुरगूडला पाठवलं. बाजाराचा दिवस होता. पेपर संपवून मी स्टँडकडं चाललो होतो आणि रस्त्याकडेला तुकामामा दिसले. समोर पोत्यावर मिरच्या आणि लसणाचे वाटे मांडले होते. मामा खूप वाळले होते. मी मान वळवली, पण उशीर झाला होता.

"मास्तर," ते उठून उभे राहिले. "बरं हाय न्हवं? बाई बऱ्या हायत?"

मी हो म्हणालो. सोनामामींचं विचारलं. "ती गेली. दोन सालं झाली." मग न विचारताच त्यांनी सांगितलं की थोरल्या पोराची दोन स्थळं मोडली. कोल्हापुरात ह्याच्या बापाच्या हातनं पोटुशी बाई मेली, असं गावात कुणीतरी येऊन बोललं होतं. हे ते तक्रार म्हणून सांगत नव्हते. बऱ्याच वर्षांनी कुणी भेटलं की माणूस घरचं सांगतो, तसं सांगत होते. मग मिरचीचा एक वाटा सारखा केला.

"मास्तर, एक इचारू? रागावू नगासा. त्या टायमाला... तुमी खरंच म्हणला न्हवता का मला? शुक्रवार-शनवारचं?"

आजूबाजूला बाजार चालला होता. आमच्याकडं कुणी बघत नव्हतं. सभा नव्हती, सेक्रेटरी नव्हते, नलूचे वडील नव्हते. शाळा, पोलीस, कुणाला काही कळणार नव्हतं. एका माणसाला फक्त "होय, मी सांगितलं होतं" म्हणायचं होतं. एवढंच.

मी म्हणालो, "मला आठवत नाही, मामा."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग म्हणाले, "असंल. मीबी लई इचार केला. ध्यानात न्हाय ऱ्हात आता. माझंच काय तरी चुकलं असंल."

मी म्हणालो, बस निघेल. त्यांनी माझ्या पिशवीत मूठभर मिरच्या घातल्या. मी नको म्हणालो नाही. बस सुटली तेव्हा ते पुन्हा पोत्यावर बसले होते आणि एका बाईला भाव सांगत होते.

नलूच्या मरणाला नुसतं ते पाणी कारण होतं का, दोन दिवस पावडर पडली असती तर ती वाचली असती का, हे मला कुणी सिद्ध करून देऊ शकणार नाही. अनेक वर्षं मी या एका वाक्याला धरून झोपलो. ते वाक्य खरं आहे. त्याचा उपयोग मात्र मी लपायला केला. आणि तुकामामांच्या बाबतीत तर तेवढाही आडोसा नाही. तिथं काय झालं हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकाला मी त्याच्याच आठवणीवर संशय घ्यायला लावला.

तुकामामा पुढच्याच वर्षी गेले, असं मुरगूडच्या एका शिक्षकाकडून कळलं. एका पोरीचा आणि तिच्या बाळाचा जीव आपल्या हलगर्जीपणानं गेला, असं मानून ते गेले असणार. ती हलगर्जी त्यांची नव्हती. त्यांना जे सांगितलं ते त्यांनी केलं, आणि विचारल्यावर खरं तेच बोलले. सांगणारा मी होतो, आणि खोटं बोललो तोही मीच.